प्रवासात फोटोंची दुसरी प्रत: म्युझिक प्लेअरचा बॅकअपसाठी वापर

म्युझिक प्लेअर म्हणजे बॅटरी आणि स्क्रीन जोडलेली, खिशात मावणारी डिस्क. त्यात गाणी राहतात तसे फोटोही राहतात. फाइल कशाची आहे याच्याशी डिस्कला देणंघेणं नसतं. लॅपटॉप न घेता निघालेल्या माणसाला ही मोठी सोय आहे, कारण प्लेअर तसाही सोबत असतो आणि त्यातली बरीच जागा रिकामी पडलेली असते. फोटो मोबाइलवर उतरवून क्लाउडला चढवणं हा दुसरा मार्ग आहे, पण रोजचे दहा-बारा जीबी चढवण्याइतकं इंटरनेट प्रवासात क्वचितच मिळतं.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्लेअरमध्ये जाते ती फोटोंची दुसरी प्रत. पहिली प्रत कॅमेऱ्याच्या कार्डातच राहते. कार्ड भरलं म्हणून फोटो प्लेअरमध्ये हलवले आणि कार्ड पुसलं, तर तो बॅकअप झालाच नाही. प्रत पुन्हा एकच राहिली, आणि तीही कार्डापेक्षा नाजूक यंत्रात. कार्डं कमी पडतील अशी शंका असेल तर आधी जादा कार्डं घ्या, मग प्लेअरचा विचार करा.

प्लेअर नुसती डिस्क आहे की स्वतः फाइल ओढू शकतो?

सगळं या एका प्रश्नावर ठरतं. यूएसबीच्या जोडणीत एक बाजू हुकूम सोडणारी असते आणि दुसरी ऐकणारी. संगणक हुकूम सोडतो. कॅमेरा, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर ऐकतात. साधा म्युझिक प्लेअरही ऐकणाऱ्यांतलाच. दोन ऐकणारे एकमेकांना केबलने जोडले तर काहीच घडत नाही. कॅमेऱ्याची केबल थेट प्लेअरला लावून स्क्रीनकडे बघत बसण्याचं कारण हेच. प्लेअरला हुकूम सोडता आला पाहिजे. या सोयीला होस्ट किंवा ओटीजी म्हणतात.

आजचे अँड्रॉइडवर चालणारे प्लेअर बहुतेक या कामाचे असतात. त्यांना यूएसबी-सी पोर्ट असतो, मायक्रोएसडीचा खाचा असतो, आणि फाइल मॅनेजर टाकता येतो. सोनीच्या वॉकमन मालिकेतली अँड्रॉइड मॉडेलं, फिओची एम-११सारखी मॉडेलं या गटात येतात.

जुन्या हार्ड डिस्कवाल्या प्लेअरपैकी काहींना ही सोय मुद्दाम दिलेली होती. आयरिव्हरच्या एच-३२० आणि एच-३४० मध्ये, तसंच कोवॉनच्या आयऑडिओ एक्स-५ मध्ये यूएसबी होस्ट होता. क्रिएटिव्हच्या झेन व्हिजनला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाचा खाचाच होता. केबल, रीडर काहीही न लागता कार्ड सरळ आत जायचं. आयपॉडसाठी मात्र वेगळी जोडणी लागते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

राहिलेले प्लेअर म्हणजे नुसत्या डिस्का. संगणकाला जोडले तरच त्यांत फाइल जाते. तेही उपयोगी आहेत, फक्त वाटेत कुणाचा तरी संगणक मिळायला हवा.

खोक्यावर ओटीजी लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काही प्लेअरमध्ये ती सोय फक्त बाहेरचा डीएसी (डिजिटल गाण्याचं आवाजात रूपांतर करणारं यंत्र) जोडण्यापुरती असते. काहींना पेनड्राइव्हमधली गाणी वाजवता येतात, पण फाइल कॉपी करण्याचा पर्यायच मेनूत नसतो. खात्री करण्याचा एकच मार्ग: निघण्याच्या आठवडाभर आधी, जे कार्ड आणि जो रीडर सोबत नेणार तोच लावून शंभर फोटो कॉपी करून बघा.

जागेचा हिशेब

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा चांगल्या प्रतीचा जेपेग साधारण ८ ते १२ एमबीचा होतो, आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल २५ ते ३० एमबीच्या आसपास. रोज ३०० फोटो रॉ आणि जेपेग दोन्हींत काढणाऱ्याचे दिवसाला ११ जीबीच्या पुढे जातात. दहा दिवसांचे ११५ जीबी धरा. व्हिडिओ हा हिशेब क्षणात बिघडवतो. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रित केलेला ४के व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी खातो. म्हणजे रोजचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ फोटोंइतकीच जागा घेतो.

अशा प्रवासाला प्लेअरमध्ये २५६ जीबीचं कार्ड योग्य. ते प्लेअरमध्ये २३८ जीबी दिसेल. यात फसवणूक नाही. कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि बरीच यंत्रं १०२४ च्या पटीत. गाण्यांसाठी वेगळं आणि फोटोंसाठी वेगळं कार्ड ठेवलं तर आणखी चांगलं. फोटोंचं कार्ड काम झाल्यावर प्लेअरमधून काढून दुसऱ्या बॅगेत टाकता येतं.

कार्ड विकत घेतल्यावर एकदा पूर्ण भरून बघाच. नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत. ती स्वतःची क्षमता २५६ जीबी सांगतात, आत खरी जागा ३२ जीबी असते, आणि ती संपली की पुढचं लिखाण कुठेच उमटत नाही किंवा आधीच्या फाइलींवर चढतं. गंमत म्हणजे फाइलींची नावं शेवटपर्यंत व्यवस्थित दिसतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. या तपासणीला काही तास लागतात. ते घरी घालवा.

फॉरमॅटचा, म्हणजे कार्डावर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा, प्रश्नही घरीच सोडवा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ मध्ये येतात, त्यापुढची एक्सफॅटमध्ये. जुन्या प्लेअरना एक्सफॅट वाचताच येत नाही. उलट एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही. लांब व्हिडिओ कॉपी होता होता मध्येच थांबतो आणि कधी कधी ‘जागा नाही’ असा संदेश येतो, जागा ढीगभर असली तरी. प्लेअर दोन्ही वाचत असेल तर फोटोंचं कार्ड एक्सफॅटच ठेवा.

अँड्रॉइड प्लेअर आणि कार्ड रीडर

कॅमेरा थेट जोडण्यापेक्षा कार्ड रीडर वापरा. कॅमेऱ्याची बॅटरी वाचते, वेग जास्त मिळतो, आणि अर्ध्या तासाच्या कॉपीत कॅमेरा स्वतःहून झोपी जाण्याची भीती राहत नाही. रीडर यूएसबी-सीचा, एसडी आणि मायक्रोएसडी दोन्ही खाचे असलेला घ्या. फार महागडा, अतिवेगवान रीडर घेण्यात अर्थ नाही. बऱ्याच प्लेअरचा पोर्ट यूएसबी २.० असतो, त्यातून सेकंदाला ३०-३५ एमबीपेक्षा जास्त पाणी वाहत नाही, आणि आतलं मायक्रोएसडी हलक्या दर्जाचं असेल तर लिहिण्याचा वेग १२ एमबीवर येतो. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड पहिल्या वेगाने ३६ मिनिटांत उतरतं, दुसऱ्या वेगाने दीड तास घेतं. म्हणून खर्च करायचाच तर प्लेअरमधल्या कार्डावर करा.

नवं कार्ड प्लेअरमध्ये घातल्यावर अँड्रॉइड विचारतं, हे पोर्टेबल स्टोरेज म्हणून वापरायचं की अंतर्गत. पोर्टेबल निवडा. अंतर्गत निवडलं तर कार्ड त्या एका प्लेअरला बांधलं जातं आणि त्यावरचं सगळं एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतं. प्लेअर बिघडला तर ते कार्ड दुसऱ्या कशातही वाचता येत नाही, म्हणजे ज्या प्रसंगासाठी बॅकअप घेतला त्याच प्रसंगी तो निरुपयोगी.

प्रत्यक्ष कॉपीचा क्रम असा ठेवा:

१. प्लेअर निदान ६० टक्के चार्ज असू द्या. रीडरलाही वीज प्लेअरच पुरवतो.

२. कॅमेरा बंद करून कार्ड काढा आणि त्याच्या कडेची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकवा. आता बहुतेक रीडर त्या कार्डावर काही लिहू किंवा पुसू देत नाहीत. ही कळ फुकटातला विमा आहे आणि तरी फार कमी लोक वापरतात.

३. रीडर आधी प्लेअरला लावा, मग त्यात कार्ड घाला. फाइल मॅनेजरमध्ये नवी डिस्क दिसायला पाच-दहा सेकंद लागतात. पहिल्या वेळी परवानगी विचारली जाते, ती द्या.

४. प्लेअरच्या कार्डावर त्या दिवसाचं नवं फोल्डर करा. नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि शेवटी कार्डाचा क्रमांक लिहा: २०२५-११-१४-कार्ड-२. वर्ष आधी लिहिल्याने फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.

५. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं डीसीआयएम नावाचं अख्खं फोल्डर निवडा आणि ‘कॉपी’ करा. ‘कट’ किंवा ‘मूव्ह’ नको. काही कॅमेरे व्हिडिओ डीसीआयएमच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. कार्डावर तसं आणखी एखादं मोठं फोल्डर दिसलं तर तेही घ्या.

६. कॉपी चालू असताना स्क्रीन बंद होऊ देऊ नका. वीज वाचवण्यासाठी अँड्रॉइड मागे चाललेली कामं थांबवतं. फाइल मॅनेजरला बॅटरी बचतीतून वगळा आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवून ठेवा.

७. संपल्यावर सेटिंगमधून रीडर ‘इजेक्ट’ करा आणि मगच काढा.

रोज नवं फोल्डर करण्यामागे कारण आहे. कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात, ०००१ ते ९९९९. मग तो पुन्हा ०००१ होतो. शिवाय कार्ड बदललं की नव्याने मोजणी सुरू करणारी सेटिंग अनेक कॅमेऱ्यांत असते. दोन कार्डांवर एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असतात, आणि एकाच फोल्डरमध्ये कॉपी करताना प्लेअर विचारतो: बदलायची का? घाईत ‘सर्वांसाठी होय’ दाबलं की कालचे फोटो गेले. कॅमेऱ्यात क्रमांक सलग ठेवण्याची सेटिंग करा आणि फोल्डर तरीही वेगळं ठेवा.

आणखी एक छोटी गोष्ट. गाणी शोधणारा स्कॅनर प्लेअर सुरू झाला की कार्डावरचं प्रत्येक फोल्डर धुंडाळतो. पाच हजार फोटो पडले की प्लेअर मंद होतो आणि बॅटरी उगाच जाते. फोटोंच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ या नावाची (इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीच्या टिंबासकट) रिकामी फाइल ठेवा. स्कॅनर ते फोल्डर सोडून पुढे जातो. मात्र मग फोटो गॅलरीतही दिसणार नाहीत, फाइल मॅनेजरमधूनच उघडावे लागतील.

पोर्ट एकच असल्यामुळे कॉपी चालू असताना चार्जिंग होत नाही. वीज आत घेणारा यूएसबी-सी हब काही प्लेअरना चालतो, काही प्लेअर हब लावताच एक तर चार्ज होतात किंवा रीडर ओळखतात, दोन्ही नाही. हेही घरी तपासायचं.

जुना आयपॉड

आयपॉडचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण हार्ड डिस्कवाले जुने आयपॉड अजून अनेकांकडे चालू स्थितीत आहेत. त्यांत थेट फोटो उतरवण्याच्या पहिल्या पद्धती २००३ च्या सुमाराच्या: बेल्किनने तिसऱ्या पिढीच्या आयपॉडसाठी स्वतःच्या सेलवर चालणारा कार्ड रीडर आणला. २००५ मध्ये अ‍ॅपलचा स्वतःचा आयपॉड कॅमेरा कनेक्टर आला. पांढरा, बोटभर तुकडा: एका टोकाला आयपॉडच्या तळाशी बसणारी जोडणी, दुसऱ्या टोकाला साधा यूएसबी पोर्ट. रंगीत पडद्याचा आयपॉड फोटो आणि पाचव्या पिढीचा, व्हिडिओ दाखवणारा आयपॉड यांच्याशी तो चालतो. नॅनो आणि मिनीशी चालत नाही.

वापरणं सोपं आहे. कनेक्टर आयपॉडला लावा, कॅमेऱ्याची केबल कनेक्टरला लावा, कॅमेरा सुरू करून फोटो बघण्याच्या स्थितीत ठेवा. आयपॉडवर इम्पोर्टचा पडदा येतो. इम्पोर्ट निवडलं की फोटो एकेक उतरू लागतात. शेवटी दोन पर्याय येतात: ‘डन’ आणि ‘इरेझ कार्ड’. नेहमी ‘डन’. ‘इरेझ कार्ड’ला हातही लावू नका. चाक जरासं फिरलं तरी निवड सरकते, म्हणून मधलं बटण दाबण्याआधी कोणती ओळ उजळली आहे ते वाचा.

उतरलेले फोटो आयपॉडच्या डिस्कवर डीसीआयएम फोल्डरमध्ये मूळ आकारात राहतात. प्रत्येक इम्पोर्ट ‘रोल’ म्हणून वेगळा दिसतो.

कॅमेऱ्यात यूएसबीची दोन रूपं असतात. एकात कॅमेरा स्वतःला डिस्क म्हणवतो, दुसऱ्यात पीटीपी या पद्धतीने एकेक फोटो स्वतः हातात देतो. जुन्या प्लेअरसाठी हा फरक फार मोलाचा आहे. डिस्क रूपात प्लेअरला कार्डाची रचना स्वतः वाचावी लागते, आणि कार्ड ६४ जीबीचं, एक्सफॅट असेल तर २००५ चं यंत्र तिथेच अडतं. पीटीपीत कार्ड कॅमेरा वाचतो, म्हणून कार्डाचं फॉरमॅट आड येत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत निवड असेल तर आयपॉडसाठी पीटीपी करून बघा. आयरिव्हर आणि कोवॉनच्या होस्टला मात्र डिस्क रूपच कळतं. त्यांच्यासोबत ३२ जीबीपर्यंतची, एफएटी३२ मधली कार्डं वापरा. त्या काळचे कार्ड रीडर तर २ जीबीपुढची एसडीएचसी कार्डं ओळखतच नाहीत, म्हणून जुन्या प्लेअरला रीडर नवा आणि कमी वीज खाणारा लावा.

बॅटरीचं गणित इथे वेगळं आहे. पाचव्या पिढीचा ३० जीबीचा आयपॉड १४ तास गाणी वाजवू शकतो असं अ‍ॅपल सांगत असे. गाणी वाजताना डिस्क बहुतेक वेळ थांबलेली असते: काही गाणी एका दमात मेमरीत घेतली जातात आणि डिस्क झोपते. फोटो उतरताना ती सतत फिरते, वर कनेक्टरही वीज ओढतो. त्यात तळाची एकुलती एक जोडणी कनेक्टरने अडवलेली, त्यामुळे मध्येच चार्जर लावणं शक्य नाही. बॅटरी पंधरा-वीस वर्षं जुनी असेल तर ती आधी बदला. नाहीतर ऐन कॉपीत प्लेअर बंद पडेल आणि डिस्कवरची नोंदवही अर्धवट लिहिलेली राहील. मोठं कार्ड एका बैठकीत उतरवण्यापेक्षा रोज संध्याकाळी थोडं थोडं उतरवा. वेग फार कमी असतो. घरी एक जीबी उतरवून घड्याळ लावा, म्हणजे रोज किती वेळ राखायचा ते कळेल.

आयट्यून्समधून (संगणकावरून आयपॉड भरण्याचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर) आयपॉडवर टाकलेले फोटो हा बॅकअप नाही, हेही इथेच सांगायला हवं. तिथे फोटो पडद्याच्या मापाला लहान करून वेगळ्या फाइलींत साठवले जातात. मूळ फाइल हवी असेल तर पूर्ण आकाराचे फोटो ठेवण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो.

प्लेअर नुसती डिस्क असेल तर

मुक्कामाच्या ठिकाणचा किंवा सोबत्याचा संगणक मिळाला की काम होतं. आयपॉड असेल तर घरून निघण्याआधी आयट्यून्समध्ये ‘डिस्क म्हणून वापर’ हा पर्याय चालू करा. ते राहिलं तर चाकवाल्या आयपॉडवर मेनू आणि मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबा, अ‍ॅपलचं चिन्ह दिसताच मधलं बटण आणि प्ले-पॉज दाबून धरा. डिस्क मोड येतो. इतर प्लेअर संगणकाला दिसत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड बघा. तो ‘डीएसी’वर असेल तर संगणकाला त्यात फक्त स्पीकर दिसतो, डिस्क नाही.

परक्या संगणकावर आयट्यून्स आपोआप उघडलं आणि ‘पुसून सिंक करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. ‘रिस्टोअर’ तर कधीच नाही. त्यात डीसीआयएमसकट सगळं जातं. आणि अशा ठिकाणीही कॅमेऱ्याचं कार्ड लॉक करूनच लावा. व्हायरस असलेल्या संगणकाला त्यावर सहसा काही लिहिता येणार नाही. प्लेअरला ते संरक्षण नाही, म्हणून घरी परतल्यावर प्लेअर आधी तपासून घ्या.

कॉपी झाली, पण खरंच झाली का?

बॅकअप फसतो तो बहुतेक वेळा इथे. कॉपीचा पट्टा शंभर टक्के झाला, फोटोंची छोटी चित्रं दिसली, समाधान झालं. पण छोटं चित्र हा पुरावा नाही. जेपेगच्या आत सुरुवातीलाच एक चिमुकली प्रत वेगळी ठेवलेली असते आणि प्लेअर तीच दाखवतो. रॉ फाइलमध्येही असाच एक जेपेग दडलेला असतो. फाइल मध्येच तुटली असली, खालचा अर्धा फोटो राखाडी झाला असला, तरी ते छोटं चित्र सुंदरच दिसतं.

म्हणून तीन गोष्टी बघा. आधी फाइलींची संख्या: कार्डावर आणि प्लेअरवर नेमकी तेवढीच. मग एकूण आकार, बाइटमध्ये. फाइल मॅनेजर फोल्डरच्या माहितीत बाइटचा पूर्ण आकडा दाखवतो, ‘११.४ जीबी’ एवढ्यावर भागवू नका, एक तुटलेला फोटो त्या दशांशात लपतो. शेवटी पहिला, मधला आणि शेवटचा फोटो पूर्ण उघडून, मोठा करून, खालच्या कोपऱ्यापर्यंत सरकवून बघा. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण जागा किंवा वीज संपली तर फटका त्यालाच बसतो. व्हिडिओचे शेवटचे दहा सेकंद वाजवून बघा.

हे करण्याआधी प्लेअरमधलं कार्ड इजेक्ट करून पुन्हा घाला, किंवा प्लेअर बंद करून सुरू करा. नुकतीच लिहिलेली फाइल यंत्राच्या मेमरीतही असते आणि लगेच उघडली तर तिथूनच दाखवली जाते; कार्डावर नीट उतरली की नाही हे त्यातून कळत नाही. फाइल मॅनेजरमध्ये एमडी५सारखी पडताळणी (दोन्ही फाइलींतून काढलेले आकडे जुळतात का ते बघणं) करण्याची सोय असेल तर ती सर्वांत भरवशाची. वेळ दुप्पट लागतो, पण लग्नाचे किंवा कामाचे फोटो असतील तर तेवढा वेळ द्यावा.

तारखेबाबत घाबरू नका. कॉपी करताना काही फाइल मॅनेजर फाइलवर आजची तारीख लावतात. फोटो काढल्याची खरी वेळ एक्झिफ माहितीत, फाइलच्या पोटात असते आणि कॉपीने बदलत नाही. व्हिडिओचं तसं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून फोल्डरच्या नावातली तारीख उपयोगी पडते.

डिस्क फिरत असताना

हार्ड डिस्कवाला प्लेअर वापरणाऱ्यांनी एवढं सांभाळावं. डिस्कचं डोकं तबकडीला टेकत नाही, फिरण्यामुळे तयार होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की तो थर बारीक होतो. म्हणून अ‍ॅपलने आयपॉड ३,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर वापरू नये असं लिहिलं होतं. उंच खिंडीतल्या मुक्कामात कॉपी करू नका. खाली उतरेपर्यंत थांबा, तोवर दुसरं कार्ड वापरा. विमानात अडचण नाही, कारण आतला हवेचा दाब त्या मर्यादेच्या आतच ठेवलेला असतो. मायक्रोएसडीला उंचीची अडचणच नाही. आयपॉडची १.८ इंची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी आयफ्लॅशसारख्या अडॅप्टरवर एसडी कार्ड बसवलेलं असेल तर तोही या भीतीतून सुटला.

हिसक्यांचंही तसंच. धावत्या बसमध्ये, चालताना, मांडीवर ठेवून कॉपी नको. टेबलावर सपाट ठेवा, संपेपर्यंत हलवू नका. याच आयपॉडची चालू स्थितीतली तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सियस होती. थंडीत बॅटरीची ताकद बरीच कमी होते, म्हणून प्लेअर अंगाजवळच्या खिशात ठेवा. बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत आल्यावर प्लेअर लगेच सुरू करू नका. बंद पिशवीतच तासभर राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राने कार्डाला किंवा डिस्कला काही होत नाही.

कॉपी झाल्यावर दोन प्रती एकाच बॅगेत ठेवल्या तर सगळी मेहनत वाया. कॅमेऱ्याची बॅग चोरीला जाते ती कार्डांसकट. भरलेली कार्डं अंगावर, प्लेअर किंवा त्यातलं फोटोंचं कार्ड दुसऱ्या सामानात, शक्य असेल तर सोबत्याकडे. विमानात मात्र बॅटरी असलेला प्लेअर आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्या. पॉवर बँक चेक-इन सामानात चालतच नाही. तिथे वेगळं ठेवायचं तर प्लेअरमधून मायक्रोएसडी काढा.

घरी परतल्यावर

आयपॉड असेल तर संगणकाला जोडण्याआधी आयट्यून्सचं आपोआप सिंक बंद करा. डीसीआयएम फोल्डर दिसल्यामुळे संगणक आयपॉडला कॅमेरा समजून फोटो इम्पोर्ट करू का असं विचारेल, आणि तिथेही ‘इम्पोर्टनंतर पुसा’ ही खूण आधीच लावलेली असू शकते. ती काढा. त्यापेक्षा फोल्डर थेट उघडून कॉपी केलेलं बरं.

संगणकावर फोटो उतरवायचे ते मूळ कार्डांवरून, प्लेअरवरून नाही. प्लेअरमधली प्रत तोवर जागेवर राहू द्या. एखादं कार्ड वाचलं गेलं नाही किंवा एखादी फाइल तुटलेली निघाली तरच तिला हात लावा. कार्ड बिघडलेलं वाटलं तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका, फाइल परत मिळवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी ते तसंच ठेवा. सगळे फोटो संगणकावर आणि एका वेगळ्या ड्राइव्हवर गेले, आकडे जुळले, की आधी प्लेअरमधली फोल्डरं काढा आणि सर्वांत शेवटी कार्डं फॉरमॅट करा. तेही कॅमेऱ्यातच, प्लेअरमध्ये किंवा संगणकावर नाही, म्हणजे फोल्डरची रचना कॅमेऱ्याला हवी तशी होते.